हत्यारबाई आणि रिकामी सावली

बोटींची इंजिनं दुरुस्त करणाऱ्या त्या वर्कशॉपमध्ये एक जाळीची खिडकी होती, आणि खिडकीमागे हत्यारबाई. एकोणीस वर्षं. त्यांचं खरं नाव पगाराच्या कागदावर होतं, पण तोंडात कुणाच्या नव्हतं. फोरमनपासून झाडूवाल्यापर्यंत सगळे हत्यारबाईच म्हणत. नवरा दूरच्या बोटीवर स्वयंपाकी होता आणि वर्षातून दोनदा घरी यायचा. तोसुद्धा फोनवर गमतीनं विचारायचा, "हत्यारबाई आहेत का घरात?"

त्यांच्या पाठीमागची भिंत म्हणजे त्यांचा जीव की प्राण. पांढऱ्या भिंतीवर खिळे, प्रत्येक खिळ्यावर एक हत्यार, आणि हत्याराच्या मागे त्याच आकाराची काळ्या रंगात काढलेली सावली. पान्ह्याची पान्ह्यासारखी, हातोडीची हातोडीसारखी. खाली इंग्रजीत नाव. कारागीर हत्यार घेऊन गेला की त्याच्या नंबरचा पितळी बिल्ला त्या सावलीवर लटकायचा. हत्यार परत आलं की बिल्ला परत. तीनशे बारा सावल्या भरल्या की बाई रजिस्टरात सही करायच्या, आणि मगच बोट सुटायची. फार वर्षांपूर्वी एक पान्हा इंजिनात राहून गेला होता, बोट भर पाण्यात बंद पडली होती आणि एका मशिनिस्टचा हात गेला होता. तेव्हापासूनची ही पद्धत. सकाळी खिडकी उघडण्याआधी बाई भिंतीसमोर क्षणभर हात जोडत. तिथे देवाचा फोटो नव्हता. "आज कुणाचं काही चुकू नये," एवढंच त्या मनात म्हणत आणि कुलूप काढत.

सगळं असंच चाललं असतं. पण कंपनीचे मालक बदलले. नव्या मालकांचं फर्मान आलं की कामाच्या चिठ्ठ्या, रजिस्टर, सगळं आता इंग्रजीत. खिडकीवरच्या माणसाची तोंडी परीक्षा होईल. पास झाला तर ठीक, नाही तर बदली वरच्या धक्क्यावरच्या गोदामात. जायला दोन तास, यायला दोन तास.

बाईंच्या तोंडचं पाणी पळालं. गोदामाचं त्यांना काही वाटलं नसतं, पोती मोजायला लावली तरी त्यांनी मोजली असती. पण घरी सासरे होते. दीड वर्षापूर्वी पडल्यापासून त्यांचा उजवा पाय धड उचलत नव्हता. दुपारच्या सुट्टीत बाई दहा मिनिटांवरच्या घरी पळत जायच्या, त्यांना जेवू घालायच्या, संडासला न्यायच्या आणि पळत परत यायच्या. मुलगी दिवसभर कॉलेजात. गोदामात बदली म्हणजे सासऱ्यांनी सकाळी सातपासून संध्याकाळी सातपर्यंत एकट्यानं पडून राहायचं.  बातमी ऐकल्यावर ते चष्मा पुसत बसले.

मग म्हणाले, "सूनबाई, वही आण."

सासरे म्हणजे जुने मास्तर. छत्तीस वर्षं मराठी व्याकरण शिकवलेलं. शब्दांच्या जाती त्यांच्याकडून पाठ केलेली मुलं आता स्वतः आजोबा झाली होती. इंग्रजीही त्यांना बऱ्यापैकी यायचं, पण ते शिकवायचे मराठीसारखंच. वहीच्या पानावर पट्टीनं दोन रकाने आखले. डावीकडे नाम, उजवीकडे क्रियापद.

"शब्दाची जात एकदा कळली की शब्द मुठीत. सांग भिंतीवरची नावं."

"हॅमर."

"नाम. वस्तू आहे."

"ड्रिल. क्लॅम्प. टेप."

"नाम, नाम, नाम." मास्तर भराभरा लिहीत होते. "बघ, किती सोपं आहे."

कोपऱ्यात पुस्तक घेऊन बसलेली मुलगी हसली. "आजोबा, 'हॅमर द नेल' म्हटलं की?"

"की काय?"

"तिथे हॅमर वस्तू कुठे आहे? ठोकायचं काम आहे ते. क्रियापद."

मास्तरांनी चष्म्यावरून नातीकडे पाहिलं. "मग त्याला शेपूट कुठे आहे? आपल्यात हातापासून हाताळणं होतं, लाथेपासून लाथाडणं होतं, डोळ्यांत पाणी आलं की ते पाणावतात. घर बदलायचं तर शब्दानं वेश बदलावा लागतो. असाच कसा घुसेल दुसऱ्याच्या रकान्यात?"

"इंग्रजीत असाच घुसतो. हँड म्हणजे हात, आणि 'हँड मी द बुक' म्हणजे दे. फेस म्हणजे तोंड, आणि फेस करणं म्हणजे तोंड देणं. एम्प्टी म्हणजे रिकामं, आणि 'एम्प्टी द बकेट' म्हणजे बादली रिकामी कर. उलटंही होतं. वॉक म्हणजे चालणं, पण 'अ वॉक' म्हणजे एक फेरफटका."

"ही भाषा आहे की धर्मशाळा," मास्तर म्हणाले. "कुणीही यावं, कुठेही पथारी टाकावी."

"मग ओळखायचं कसं गं?" बाईंनी विचारलं. त्यांच्या कपाळावर घाम होता.

"शेजारी कोण उभं आहे ते बघायचं. आधी 'अ' नाहीतर 'द' आला तर वस्तू. टू आला, नाहीतर आय, ही, वुई अशी माणसं आली, तर काम. आणि चिठ्ठीत सुरुवातीलाच आला तर बहुतेक हुकूम."

बाई मान हलवत राहिल्या, पण डोक्यात काही शिरेना. मास्तरांचे रकाने पाठ होते, आणि मुलीनं तेच रकाने पुसून टाकले होते. आठ दिवस असेच गेले. पहाटे उठून मास्तर एक सांगायचे, संध्याकाळी मुलगी दुसरं. एकदा बाईंनी रागानं वही मिटली. "तुम्ही दोघं आधी ठरवा, मग मला शिकवा."

त्यांना उमगलं ते खिडकीवरच. एका कारागिरानं ड्रिल नेलं आणि बाईंनी सवयीनं बिल्ला सावलीवर अडकवला. नाव खाली तेच, ड्रिल. हत्यार भिंतीवर असतं तेव्हा ती वस्तू. बिल्ला लटकतो तेव्हा तेच कुठेतरी काम करत असतं. कुणाच्या हातात आहे, कशाला लागलंय, त्यावर ठरायचं. नाव बदलायला कशाला हवं? बाई स्वतःशीच हसल्या. संध्याकाळी घरी हे सांगितलं तर मुलगी खूश झाली. मास्तर मात्र अडून बसले.

"चिझलचं उदाहरण दे. छिन्नी. छिन्नी हे नाम, त्याचं क्रियापद मला दिसू दे. वस्तू समोर असल्याशिवाय मी मानणार नाही."

त्यांच्या बोलण्यात नेहमीचा हट्ट होता, पण त्याखाली आणखी काहीतरी होतं. पाय गेला, शाळा गेली, आता ही एक शिकवणी उरली होती, तीही नातीकडे चालली होती. बाईंना ते कळलं. परीक्षेच्या आदल्या संध्याकाळी त्यांनी भिंतीवरची वीतभर छिन्नी फडक्यात गुंडाळली आणि पिशवीत टाकली. एका रात्रीपुरती. सकाळी सगळ्यांच्या आधी येऊन लावू, असं ठरवून. बिल्ला लटकवला नाही. लटकवणार कुठला? कारागिरांना बिल्ले होते. खिडकीमागच्या बाईला बिल्ला कधी कुणी दिलाच नव्हता.

मास्तरांनी छिन्नी हातात घेऊन उलटसुलट पाहिली, धार अंगठ्यावर घासली. बाईंनी लाकडाचा एक तुकडा घेऊन त्यावर दोन घाव घालून दाखवले. "हे चिझल, बाबा. आणि हे मी करतेय ते पण चिझल." मास्तर लाकडावरच्या खाचेवरून बोट फिरवत राहिले. बाईंनी छिन्नी फडक्यात गुंडाळली, पिशवीत ठेवली आणि झोपायला गेल्या.

सकाळी वर्कशॉपला पोचल्या तर खिडकीवर आधीच तिघं उभे. संध्याकाळी साडेचारच्या बोटीचं इंजिन उघडलेलं होतं, कारागिरांना घाई होती. बाईंनी गुंडाळी तशीच टेबलाच्या खणात सारली आणि बिल्ले घ्यायला लागल्या. मग फोरमन आला. कारागीर त्याला घड्याळमामा म्हणत, कारण त्याचं प्रत्येक वाक्य वेळेनं सुरू व्हायचं. "नऊ वाजले बाई. तीनला इंग्रजीवाल्या बाई येणार आहेत. टेबल आवरा." त्यात दुपार झाली. सकाळी सासऱ्यांचं ताट झाकून ठेवलं होतं, म्हणून त्या दिवशी बाई सुट्टीत घरीही गेल्या नाहीत. छिन्नी बाईंच्या डोक्यातून साफ गेली.

तीनला नव्या मालकांच्या कचेरीतून तपासणीस बाई आल्या. पन्नाशीच्या, केस आखूड कापलेले, आवाज कोरडा. स्टुलावर बसून त्यांनी दहा चिठ्ठ्या टेबलावर ठेवल्या.

"चिठ्ठी वाचायची. काय काम आहे ते सांगायचं आणि लागेल ते हत्यार काढून ठेवायचं. दहात सहा यायला हव्यात. घाबरू नका."

घाबरू नका म्हटल्यावर बाई जास्तच घाबरल्या. पहिल्या चिठ्ठीत होतं, 'हॅमर आउट द पिन.' त्यांनी हातोडी काढून टेबलावर ठेवली. "धिस इज हॅमर," त्या म्हणाल्या.

"ते मला दिसतंय. काम काय आहे?"

बाईंना मास्तरांचा डावा रकाना दिसायला लागला. त्यात हॅमर पहिल्याच ओळीला. पिन ठोकून बाहेर काढायची, हे तोंडावर आलंच नाही. तपासणीस बाईंनी कागदावर फुली मारली.

दुसरी चिठ्ठी घेताना बाईंनी भिंतीकडे पाहिलं. तेलाच्या कॅनच्या सावलीवर सात नंबरचा बिल्ला होता. "ऑइल द चेन," त्यांनी वाचलं आणि श्वास घेतला. "साखळीला तेल घालायचं. कॅन सात नंबरकडे आहे."

"बरोबर."

तिसरी, 'टेप द जॉइंट.' तीही जमली. चौथी, 'वॉर्म द बेअरिंग.' वॉर्म म्हणजे कोमट, तो तर तिसराच रकाना, मास्तरांनी आखलेलाच नव्हता. पण सुरुवातीला आहे, म्हणजे हुकूम. "बेअरिंग गरम करायचं." बरोबर. तपासणीस बाईंच्या कपाळावरची आठी सैल झाली. पाचवी, 'टेक अ क्लोज लुक ॲट द सील.' इथे बघण्याच्या आधी 'अ' उभा होता.

"सील जवळून नीट बघायचं. त्याला दांडीचा आरसा लागेल," असं म्हणत बाई आरसा काढायला भिंतीकडे वळल्या.

आरशाच्या खाली एक सावली रिकामी होती. हत्यार नाही आणि बिल्लाही नाही.

 मग त्यांना आठवलं. खणात आहे. त्यांनी खण ओढला, गुंडाळी उचलली. गुंडाळी हलकी लागली. उलगडली. नुसतं फडकं.

"काय झालं?" तपासणीस बाईंनी विचारलं.

 रात्री गुंडाळली होती, हे नक्की. पिशवीत ठेवली होती, हे नक्की. मग सकाळी फडक्यातून निसटून रस्त्यात पडली? की खिडकीवरच्या घाईत खणाशी आलेल्या कुणी तशीच उचलली? झाकणाखाली चिकटलेलं जुनं गॅस्केट खरवडायला छिन्नीच लागते, आणि उघडं इंजिन तर पलीकडेच होतं. ते इंजिन आता बंद करत होते. झाकणाचे बोल्ट आवळल्याचा आवाज जाळीतून येत होता.

तेवढ्यात फोरमन रजिस्टर घेऊन आला. "साडेतीन. बाई, सही तेवढी देऊन ठेवा, मग तुमची परीक्षा सावकाश चालू दे. एवढे सगळे बिल्ले परत गेले की झालं."

"एक छिन्नी नाही."

"कुणाचा बिल्ला?"

"बिल्ला नाही."

फोरमननं भिंतीकडे पाहिलं, मग तपासणीस बाईंकडे. बाईंना बाजूला घेऊन तो खालच्या आवाजात म्हणाला, "टेबलाखालच्या पेटीत नव्या नऊ छिन्न्या आहेत. एक काढा, लावा भिंतीवर. कोण बघतंय? धक्क्यावर शंभर माणूस तिकीट काढून उभा आहे. आणि ही बाई चारला उठणार. परीक्षा अर्धी टाकलीत तर नापास लिहील. सासऱ्यांचा विचार करा."

सासऱ्यांचाच विचार डोक्यात होता. बाई खाली वाकल्या. पेटीचं झाकण उघडलं. तेलकट कागदात नव्या छिन्न्या ओळीनं झोपल्या होत्या. एक हातात घेतली. तेच माप, तोच आकार, सावलीवर चपखल बसली असती.  कोण बघतंय, हा प्रश्न फोरमननं सहज विचारला होता. पण रोज सकाळी हात जोडणाऱ्या बाईला तो प्रश्न सहज नव्हता. आणि शंभर माणसं त्या बोटीवर बसणार होती.

त्यांनी छिन्नी परत कागदात ठेवली आणि उठून खिडकीशेजारची घंटा दोनदा ओढली. दोनदा म्हणजे, कुणीही कशाला हात लावायचा नाही. वर्कशॉप एकदम शांत झालं.

"बाई, वेड लागलं का तुम्हाला," फोरमन म्हणाला.

हत्यारबाई तपासणीस बाईंसमोर उभ्या राहिल्या. "ती छिन्नी काल मी घरी नेली होती. परीक्षेच्या अभ्यासाला. सकाळी परत आणली असं मला वाटलं, पण फडकं रिकामं आहे. ती घरी आहे, रस्त्यात पडली की त्या इंजिनात गेली, मला छातीवर हात ठेवून सांगता येत नाही. इंजिन उघडून बघावं लागेल."

"हत्यार फाटकाबाहेर नेणं म्हणजे काय, माहीत आहे तुम्हाला?" तपासणीस बाईंनी विचारलं.

"माहीत आहे. दोन वर्षांपूर्वी एका फिटरनं पक्कड नेली, त्याची तक्रार मीच केली होती. त्याला काढलं."

जाळीपलीकडे पाच-सहा कारागीर जमले होते. त्यातला एक म्हणाला, "आता बाईंना कोण काढणार?" कुणी हसलं नाही.

फोरमन पाय आपटत इंजिनाकडे गेला. झाकण पुन्हा निघायला लागलं. बाईंनी घरी फोन लावला. वाजून वाजून थांबला. मास्तरांना फोनपर्यंत पोचायला वेळ लागायचा, आणि दुपारी कानातलं यंत्र ते काढून ठेवायचे. पुन्हा लावला. पुन्हा तेच. मुलगी वर्गात, तिचा फोन बंद. शेवटी शेजारच्या शिवणवालीला लावला.

"अगं, जरा आमच्याकडे जाऊन ये. किल्ली तुझ्याकडे आहेच. एक छिन्नी बघ, वीतभर. पिशवीच्या खुंटीपाशी, पलंगाखाली, कुठेही."

"छिन्नी? ब्लाऊज सोडून येऊ का छिन्नी शोधायला?"

"ये गं बाई. हात जोडते."

चार वाजले. तपासणीस बाईंची गाडी फाटकाशी हॉर्न वाजवत होती. त्या उठल्या, खिडकीशी गेल्या, ड्रायव्हरला हातानं थांब म्हणाल्या आणि परत स्टुलावर बसल्या. उरलेल्या पाच चिठ्ठ्यांना कुणी हात लावला नाही. धक्क्यावरून माणसांचा गलका येत होता. एक कारागीर इंजिनात टॉर्च मारून वाकला होता. बाई मनातल्या मनात देवाचं नाव घेत होत्या, पण काय मागावं तेच कळत नव्हतं. इंजिनात सापडावी असं कसं मागणार? आणि कुठेच सापडली नाही तर?

चार वाजून वीस मिनिटांनी फोन वाजला.

"सापडली," शिवणवाली धापा टाकत म्हणाली. "म्हातारबांच्या हातातच आहे. भिंतीतल्या कपाटाचा खण फुगून अडकला होता ना, तो तासत बसलेत. खाली सगळा भुसा. मी ओरडले तर म्हणतात, पहाटे सूनबाईच्या पिशवीतून घेतली, ती निघायच्या आत ठेवणार होतो, पण डोळा लागला."

 बाई म्हणाल्या, "घेऊन ये. पळत ये."

"घरी सापडली, म्हणजे झालं की," फोरमन म्हणाला. "सही करा."

"भिंतीवर येऊ दे."

शिवणवाली पंधरा मिनिटांत आली, गळ्यात टेप तसाच लोंबत होता. बाईंनी छिन्नी पुसली, खिळ्यावर लावली. इंजिनाचं झाकण पुन्हा बसलं, बोल्ट आवळले, सगळे बिल्ले परत गेले. तीनशे बारा मोजून झाल्या आणि बाईंनी सही केली. बोट एक तास दहा मिनिटं उशिरा सुटली.

तपासणीस बाईंनी रजिस्टर त्यांच्यासमोर सरकवलं. "उशिराचं कारण लिहावं लागतं. नव्या नियमानं इंग्रजीत. लिहा."

"मी?"

"उशीर तुमच्यामुळे झाला ना?"

बाईंनी पेन घेतलं. डोक्यात आता कुठलेच रकाने नव्हते. त्यांनी हळूहळू लिहिलं, 'आय टूक द चिझल होम. आय डिड नॉट टेल. आय डिलेड द बोट. द डिले इज माइन.'

तपासणीस बाईंनी ते दोनदा वाचलं. शेवटच्या दोन ओळींवर त्यांचं बोट क्षणभर थांबलं. एकाच शब्दाला एकदा बाईंनी कामाला लावलं होतं आणि एकदा आपल्या पदरात घेतलं होतं.

"पाच चिठ्ठ्यांत चार बरोबर होत्या," त्या म्हणाल्या. "उरलेल्या पाचांच्या जागी मी हे धरते. परीक्षा पास. खिडकी तुमच्याकडे राहील. पण हत्यार बाहेर नेल्याचं ताकीदपत्रही मीच देणार आहे, आणि ते तुमच्या कागदांत कायमचं राहील. तीन दिवसांत लेखी उत्तर द्यायचं. दोन्ही मान्य?"

"मान्य."

"त्या फिटरला तुम्ही आधी विचारलं होतं का, पक्कड कशाला नेली?"

बाईंनी मान खाली घातली. "नाही."

तपासणीस बाईंनी ताकीदपत्र लिहून टेबलावर ठेवलं. बाकीचे कागद पिशवीत भरून त्या निघून गेल्या. जाळीपाशी उभे असलेले कारागीरही पांगले. जाताना एकानं 'येतो बाई' म्हटलं, बाकीच्यांनी नाही. बाईंना ते लागलं.

घरी मास्तर भिंतीला टेकून बसले होते. भुसा तसाच. जेवलेले नव्हते. बाई आत आल्या तशी त्यांची नजर खाली गेली.

"नोकरी?" त्यांनी विचारलं.

"आहे. खिडकीवरच."

 मास्तर म्हणाले, "मला ते करून बघायचं होतं. नुसतं ऐकून पटेना. खण आता छान सरकतो."

"बघितलं मी."

"तुझ्या डोक्यावर काय आणलं मी, सूनबाई."

"आणलं ते मीच, बाबा. पिशवी माझी होती." बाईंनी केरसुणी घेतली, भुसा गोळा केला, आणि त्यांच्यासमोर ताट ठेवलं.

जेवण झाल्यावर त्यांनी ताकीदपत्र मास्तरांना वाचून दाखवलं. दोनच ठिकाणी अडल्या, तिथे मुलीनं सांगितलं. मास्तरांनी लगेच वही ओढली. "उत्तर मी घालून देतो. चूक माझी होती, हे पहिल्याच ओळीत आलं पाहिजे. लिही गं पोरी."

"थांब," बाई म्हणाल्या आणि मुलीच्या हातातलं पेन घेतलं. "उत्तर माझ्याकडे मागितलंय. आधी मी लिहिते. चुकलं तर मग दोघं मिळून काय ते भांडा."

मास्तरांनी वही त्यांच्याकडे सरकवली. कोऱ्या पानावर. बाईंनी पदरानं कपाळ पुसलं आणि खाली वाकून लिहायला घेतलं. पहिल्या दोन ओळी छिन्नीच्या होत्या. तिसरी त्या फिटरची होती, आणि तिथे त्या बराच वेळ अडल्या.